कॅन्सरच्या गाठीभोवतीची रेषा कम्प्युटर कशी आखतो?

मीरा-भाईंदरचा पेशंट रेडिएशनसाठी परळच्या टाटा मेमोरियलला गेला, की मशीन सुरू होण्याआधी एक किचकट काम असतं. सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ आणि आसपासच्या अवयवांची सीमारेषा आखायची. रेषा आत सरकली तर गाठीचा भाग सुटतो. बाहेर गेली तर निरोगी अवयवाला नाहक रेडिएशन बसतं.

कम्प्युटरला हे कसं जमतं? एक गाजलेली पद्धत म्हणजे 'स्नेक'. मायकेल कॅस, अँड्र्यू विटकिन आणि डेमेट्री टेरझोपोलस यांचा त्यावरचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. समजा, गाठीभोवती रबरबँड टाकलाय. तो आखडतो, पण गुळगुळीत राहू पाहतो. चित्रात जिथे उजेड-अंधार झटकन बदलतो, ती कड त्याला ओढते. दोन्ही ओढींचा तोल साधला, की रेषा थांबते.

मग अडचण कुठे? कड पुसट असेल तर रेषा पलीकडे घसरते. म्हणून २००१ मध्ये टोनी चॅन आणि ल्युमिनिता वेसे यांनी कडेऐवजी आतल्या-बाहेरच्या भागांच्या सरासरी उजेडातला फरक वापरला.

आता हे काम बऱ्याचदा न्यूरल नेटवर्क करतं. तरी शेवटची रेषा तपासून मंजूर करायची जबाबदारी डॉक्टरांचीच.