छायेतील चेहरा उजेडात आणताना

आपल्या घरांतील बहुतेक छायाचित्रे समारंभाच्या घाईत घेतलेली असतात. मंगळागौर असो, मुंज असो, सारी मंडळी खिडकीपाशी जमतात. मग बाहेरचे आकाश लख्ख उमटते आणि माणसांचे चेहरे मात्र काळवंडतात. याला कारण आहे. कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन प्रकाश बेततो. आकाश फार तेजस्वी असले, की तो प्रकाश आवरता घेतो आणि चेहरे छायेत जातात.

अशा चित्रांकडे एरवी कोणी पाहत नाही; परंतु माणूस गेल्यावर कित्येकदा तेवढेच एक हाती उरते. आमच्या परिचयातील एका घरी आजींच्या निधनानंतर असेच झाले. नातवाने मोबाइलमधील एका अ‍ॅपकडून ते चित्र एका क्षणात ‘सुंदर’ करून घेतले. चेहरा उजळला खरा. परंतु सुरकुत्या गेल्या, कपाळावरचे गोंदणही गेले. आजींच्या धाकट्या बहिणीने ते पाहून विचारले, “ही कोण?”

त्या प्रश्नातच या विद्येचे मर्म आहे. चित्रात दडलेला प्रकाश वर काढणे निराळे आणि नसलेला चेहरा रचणे निराळे. पहिले काम जुनेच आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत चित्र छापताना काळ्या पडणाऱ्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा हलवीत धरून प्रकाश अडवीत, म्हणजे तेवढा भाग उजळ छापला जाई. आज तेच काम संगणकावर ‘गिंप’ किंवा मोबाइलवर ‘स्नॅपसीड’ यांसारख्या विनामूल्य साधनांनी घरबसल्या साधते.

मूळ चित्राला प्रथम हात लावू नये. त्याची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे. चित्र दुसऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे. एरवी ते आकुंचित होऊन येते आणि बारकावे हरवतात. सबंध चित्राची ‘ब्राइटनेस’ एकदम वाढवू नये, कारण त्याने खिडकी पांढरीफटक होते आणि रंग विटतात. त्याऐवजी ‘शॅडोज’ हळूहळू वाढवावे, ‘हायलाइट्स’ थोडे उतरवावे. मग स्नॅपसीडमधील ‘सिलेक्टिव्ह’ या सोयीने चेहऱ्यावर बिंदू ठेवून तेवढाच भाग उजळावा. दिव्याच्या उजेडाने सारे पिवळे दिसत असेल, तर धोतर, पांढरी भिंत अशी मुळात पांढरी असलेली वस्तू पांढरी दिसेपर्यंत ‘व्हाइट बॅलन्स’ बदलावा.

मात्र या साऱ्याला मर्यादा आहे. नेहमीच्या ‘जेपेग’ चित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. काळवंडलेला चेहरा त्यांतल्या तळच्या थोड्याशा पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेला असतो. त्यांना ताणले, की चेहरा दिसू लागतो, पण त्याबरोबर खरखरीत दाणेही दिसतात. जेथे मुळात ० च नोंदले गेले, तेथून काहीच निघत नाही. तेथे यंत्राने काही दाखवलेच, तर ते त्याच्या पदरचे समजावे.

त्या आजींचे मूळ चित्र सुदैवाने जपलेले होते. दुसऱ्यांदा याच रीतीने काम केल्यावर गोंदणाचे तीन ठिपके स्पष्ट दिसले. गालावर थोडे दाणे राहिले, एक बाजू अंधारीच राहिली. आणि घरच्यांनी तेच चित्र चौकटीत बसवले.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे, की दर दोन-तीन फेरफारांनंतर चित्र मुळाशी ताडून पाहावे आणि त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यास दाखवावे. त्यांनी विचार न करता नाव घेतले, की तेथेच थांबावे. पुढच्या पिढीने ती माणसे पाहिलेली नसतील. तिला हे चित्रच खरे वाटणार आहे. म्हणून त्यात थोडा काळोख राहिला तरी चालेल, परका चेहरा मात्र येता कामा नये.