कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि रानभाज्यांची पंगत

आपल्याकडे कुठल्याही पर्यावरण संस्थेला दहा, वीस, पंचवीस वर्षं झाली की कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी प्रभातफेरी, मग चित्रकला स्पर्धेचं बक्षीस वाटप, पाहुण्यांच्या हातात नारळाऐवजी रोप, दुपारी स्मरणिकेचं प्रकाशन. स्मरणिकेत लावलेल्या झाडांचा आकडा छापलेला असतो, जगलेल्या झाडांचा सहसा नसतो. यात कोणाचा खोटेपणा असतो असं नाही. झाड लावताना फोटो निघतो, पाहुणा बोलावता येतो, बातमी येते. झाड तोडलं नाही, गुरं सोडली नाहीत, याचा फोटो कसा काढणार? आणि खानदेशात जे रान खरोखर टिकलंय ते बहुतेक या न केलेल्या गोष्टींमुळेच टिकलंय.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या बारीपाड्याने या अडचणीवर मोठी नामी तोड काढली. राखलेलं रान शिजवायचं, ताटात वाढायचं आणि जेवायला लोकांना बोलवायचं. 2004 साली सुरू झालेल्या त्यांच्या वनभाजी स्पर्धेने आता विशी ओलांडली आहे. त्यातच 2025 च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जी पद्म पुरस्कारांची यादी आली तिच्यात बारीपाड्याच्या चैत्राम पवारांचं नाव होतं. त्याच यादीत अरण्यऋषी मारुती चितमपल्लीही होते. आयुष्य वनखात्यात काढून जंगल मराठीत आणणारा एक, आणि वनखात्याच्या बाहेर राहून गावाकरवी जंगल राखणारा दुसरा. चितमपल्ली त्याच वर्षी जूनमध्ये गेले. पवारांना त्याआधीच राज्य सरकारचा पहिला महाराष्ट्र वनभूषण पुरस्कार मिळाला होता. तेव्हा या निमित्ताने नुसता एका गावाचा गौरव न करता धुळे-जळगावकडच्या सगळ्याच राखणदारीचा हिशेब मांडून बघावा, असं वाटलं.

नव्वदीच्या सुरुवातीला बारीपाडा म्हणजे उघडेबोडके डोंगर, मार्चमध्येच आटणाऱ्या विहिरी, मोहाच्या दारूच्या भट्ट्या आणि कामासाठी गाव सोडणारी माणसं. वस्ती कोकणा आदिवासींची, घरं शंभराच्या आसपास. एम.कॉम. झालेल्या चैत्राम पवारांनी नोकरी धरण्याऐवजी गावातच राहायचं ठरवलं. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक पाठीशी उभे राहिले. राज्य सरकारने 1992 मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला होता, त्यामुळे गावाच्या वनसमितीला कागदावर जागा होती. पण कागद सगळ्याच गावांना मिळाला होता. बारीपाड्याने त्यावर स्वतःचे नियम चढवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, बैलगाडी जंगलात न्यायला मनाई. झाड तोडलं तर 1051 रुपये दंड, आणि तोडणाऱ्याची खबर देणाऱ्याला 501 रुपये बक्षीस.

या दोन आकड्यांत बरंच व्यवहारज्ञान आहे. त्या काळच्या मजुरीच्या मानाने हजार रुपये म्हणजे जबर रक्कम. आणि दंडातली जवळजवळ निम्मी रक्कम खबऱ्याला जात असल्यामुळे जंगलाला पगारी राखणदाराखेरीज गावातल्या प्रत्येक माणसाचा डोळा मिळाला. जावयाला दंड झाला, चुलतभावाला झाला, तर समितीने काय करायचं, हा खरा प्रश्न असतो. ज्या गावांत तो सुटत नाही तिथे समिती पाट्यांवरच उरते. बारीपाड्यात तो सुटला, म्हणून आज तिथे सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल उभं आहे. जोडीला श्रमदानातून डोंगरउतारावर दगडी बांध आणि चर झाले. विहिरींना पाणी राहू लागलं, इंद्रायणी भाताची शेती जमली, आणि एके काळी पाण्यासाठी वणवण करणारं हे गाव शेजारच्या पाड्यांना पाणी देऊ लागलं. 2003 साली कृषी विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीने, म्हणजे आयफॅडने, त्याची दखल घेतली. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं त्यानंतर आली, हे आपल्याकडच्या रिवाजाला धरूनच झालं.

वनभाजी स्पर्धेची कल्पना शैलेश शुक्ल या संशोधकाच्या पुढाकारातून आली. ते जंगलातल्या वनस्पतींविषयीच्या लोकज्ञानाचा अभ्यास करत होते. हे ज्ञान जिच्याकडे असतं ती बाई सभेत मागे बसते, आणि तिला प्रश्न विचारला तर नवरा उत्तर देतो. तिला बोलतं करायचं तर तिच्या हातचं जेवण पुढे आणायला हवं. म्हणून पाककृतीची स्पर्धा ठेवली. बाया पातेली घेऊन येतात, आपली भाजी मांडतात, आणि नुसती चव देऊन सुटका नसते. वनस्पती कोणती, कुठे उगवते, कोणता भाग खायचा, कशावर गुणकारी, हेही सांगावं लागतं. आसपासच्या पाड्यांतून बाया येऊ लागल्या आणि भाग घेणाऱ्यांचा आकडा पुढे शेकड्यांत गेला. वर्धापनदिनाच्या नावाखाली होणाऱ्या कार्यक्रमांत इतका कामाचा कार्यक्रम माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. यात पाहुणा भाषण देऊन जात नाही, जेवून जातो, आणि वर्षाचा जमाखर्च पानात दिसतो. जी भाजी दोन-तीन वर्षं कोणीच आणली नाही, ती रानातून कमी झाली की बायांच्या डोक्यातून, हे लगेच विचारता येतं.

ही भाजी म्हणजे बाजारातली जुडी नव्हे. शेवळाचंच बघा. पहिल्या पावसानंतर काळ्या जमिनीतून जांभळट दांडा वर येतो, पान फुटतं ते नंतर. दिसायला भाजी सोपी. पण तिच्यात चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे कण असतात, नीट केली नाही तर घशाला अशी खाज सुटते की पुन्हा नाव घेणार नाही. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, चांगली चिरून तेलावर परतायची आणि चिंचेसारखं आंबट घालून शिजवायची. कडूकंदाला याहून जास्त वेळ लागतो. त्याच्या पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, कडूपणा गेला की मगच खातात. नाहीतर तो विषारी. कुरडू, कर्टोली, टाकळा, बांबूचे कोंब, चाईचा मोहर, मोहाची फुलं, प्रत्येकाचा महिना वेगळा, रीत वेगळी. सोबत नागलीची भाकर. पुस्तकात वनस्पतीचं नाव आणि चित्र मिळेल, पण राख किती घालायची ते या बायांकडूनच शिकावं लागतं.

बारीपाड्याला आदर्श गाव म्हणताना आपण असं बोलतो की जणू ही शिस्त आकाशातून पडली. साक्री तालुक्याला ती जुनी आहे. पांझरा, कान या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक पुढच्या फडात सरकायचं. म्हणजे पाणी वाया जात नाही आणि जमिनीचा कसही टिकतो. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या पिकाची राखण करणार, हवालदार सगळ्यावर लक्ष ठेवणार. त्यांचा मोबदला धान्यात. कोणी पाणी चोरलं तर गाव बघून घेई. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला सरकारी धरणं झाली, पाण्याचा हिशेब खात्याकडे गेला आणि बहुतेक फड मोडीत निघाले. बारीपाड्याच्या समितीने जे केलं ते पाण्याऐवजी झाडांना लावलेलं तेच शास्त्र आहे, असं मला वाटतं.

धुळे तालुक्यातल्या लामकानीत रानही नाही, तिथे गवत आहे. गावचेच डॉ. धनंजय नेवाडकर धुळ्यात व्यवसाय करता करता या कामात पडले. पाणलोटाची कामं झाली, पण मुख्य काम चराईबंदीचं. धुळ्याचा हा भाग पाऊस कमी पडणारा. मोकाट चराई झाली की आधी पवन्या, मारवेल, डोंगरी ही गोड गवतं जातात आणि उरतं ते कुसळ, जे गुरंही तोंड वाकडं करून खातात. बंदी टिकली की काही पावसाळ्यांत चांगलं गवत परत येतं, मग ते कापून नेता येतं. गुरं उभ्याने चरण्यापेक्षा कापलेला चारा जास्त दिवस पुरतो, हे पटायला मेंढपाळाला आणि गुराख्याला वेळ लागतो, आणि त्याचा राग सरळ समितीवर निघतो. लामकानीचं उदाहरण मला आणखी एका कारणाने मोलाचं वाटतं. आपल्या सातबाऱ्यावर आणि सरकारी योजनांत अशा माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक दिसलं की झाडं लावायचा उत्साह येतो. तिथे सरसकट खड्डे खणून रोपं लावली असती तर गवताळ माळ, त्यावरचे लांडगे, कोल्हे, चंडोल, सगळ्यांचंच घर उठलं असतं.

शिरपूर पॅटर्नबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर आधीच पुष्कळ लिहून झालं आहे. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी शिरपूरचे राजकारणी अमरीश पटेल यांच्या पाठबळावर 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवलं. तापीकाठच्या जाड गाळाच्या थरात ते जिरलं, विहिरी भरल्या, हे खरं. पण तोच नमुना काळ्या पाषाणाच्या मुलखात जेसीबी लावून उतरवला तेव्हा अनेक ठिकाणी नुसते खड्डे उरले. यात दोष शिरपूरचा नाही, नक्कल करणाऱ्यांचा आहे.

आता सातपुडा. 1873 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूमने ज्या रानपिंगळ्याचं वर्णन केलं, तो 1884 नंतर कोणाला दिसलाच नाही. त्या काळात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे कर्नल माइनर्ट्झहागन नावाच्या बड्या पक्षीतज्ज्ञाने 1914 साली गुजरातेत तो पक्षी मिळवल्याची नोंद केली, आणि शोधणारे पुढे कित्येक वर्षं भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातल्या कातड्यांची टाकेन् टाका तपासणी केली, तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांचा नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला आहे. खोटी जागा नकाशावरून पुसल्यावर त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात आले आणि भर दिवसा पिंगळा समोर बसलेला! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

एकशे तेरा वर्षं हा पक्षी जगला कशावर? विरळ, कोरड्या सागाच्या रानातल्या जुन्या झाडांच्या ढोल्यांवर. यावल अभयारण्यातही तो नंतर सापडला. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि तिथे आपल्या रोपवाटिकेचा उपयोग शून्य. यावलला 1969 पासून अभयारण्याचा दर्जा आहे, तरी तिथे तोड आणि अतिक्रमण दोन्ही चालत आले. त्यात 2006 चा वनहक्क कायदा आला. कसणाऱ्या आदिवासीचा रास्त हक्क आणि त्याच्या आडून रान साफ करणाऱ्याची घाई, यांत फरक करायला यंत्रणेने फार वेळ घेतला. हा फरक बारीपाड्यासारखी ग्रामसभा एका बैठकीत करू शकते, कारण कोण कधीपासून कुठे नांगर धरतो हे तिला पाठ असतं. मुक्ताईनगरकडे वाघाच्या वाटेसाठी 2014 मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तिथे रानाच्या कडेला केळीच्या बागा आहेत. वाघ आणि केळीच्या बागा हा प्रश्न वेगळा आणि लांबलचक आहे, त्याला स्वतंत्र लेख हवा.

भुसावळजवळच्या हतनूर धरणाची कथा उलटी आहे. दर पावसाळ्यात 41 दरवाजे उघडल्याची बातमी वाचून जळगावकर तापीच्या पुराचा अंदाज बांधतात. धरणात गाळ साचला, पाणी उथळ झालं, इंजिनियरची डोकेदुखी वाढली. पण त्याच उथळ काठांवर हिवाळ्यात बदकं, चिखले, तुतवार यांची गर्दी होऊ लागली. हतनूर महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत गेलं. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था आणि जिल्ह्यातले इतर पक्षीमित्र थंडीत पहाटे दुर्बिणी घेऊन काठावर मोजणीला उभे राहतात. आशियाभर 1987 पासून जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्याच धर्तीचं हे काम. त्याला ना मांडव, ना पाहुणा. पण दहा-पंधरा वर्षांच्या ओळीने नोंदी असल्या तर गाळ काढायचा तर कुठला आणि किती, यावर पाटबंधारे खात्याशी बोलता येतं. रोपवाटपाच्या आकड्यापेक्षा संस्थेच्या स्मरणिकेत अशी नोंदवही छापली तर पुढची पिढी ती उघडून तरी बघेल.

पुन्हा साक्रीकडे. पुरस्कारांमुळे बारीपाड्याला गाड्या येऊ लागल्या आहेत आणि शहरात रानभाजीला गिऱ्हाईक तयार झालं आहे. धुळे-नाशिकच्या बाजारात श्रावणात कर्टोलीचा भाव ऐकून बघा. चाईचा मोहर ओरबाडला तर वेल बी धरत नाही, कंद सगळेच उपटले तर पुढच्या वर्षी उगवायचं काय? आजवर पाड्यातल्या बायांनी घरापुरतं घेतलं म्हणून हे प्रश्न आले नाहीत. 1051 रुपयांचा दंड कुऱ्हाड डोळ्यापुढे ठेवून ठरला होता. खुरपं आणि गोणी घेऊन येणाऱ्यासाठी कोणती भाजी किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे आता लिहून काढावं लागेल. आणि ते ठरवायला गावातल्या पुरुषांच्या बैठकीपेक्षा स्पर्धेला पातेली घेऊन येणाऱ्या बायांचीच समिती नेमावी, एवढी सूचना करण्याचा आगाऊपणा मी करतो.