किनाऱ्यामागचें गोमंतक

दिवाळीची सुटी जवळ आली कीं छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांतून गोव्याची भाषा सुरू होते. ज्यांच्या गांवीं वर्षाकांठीं सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळा आला कीं ज्यांचें लक्ष टँकरच्या वाटेकडे लागतें, त्या मराठवाड्यांतील माणसांना अथांग पाण्याची ओढ लागावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु बहुतेक प्रवासी गोव्याच्या वाळूवर चार दिवस काढून परततात आणि गोवा पाहून आलों असें सांगतात. एखाद्याच्या ओसरीवर बसून उठावें आणि त्याचें घर पाहिल्याचें समाधान मानावें, तशांतलाच हा प्रकार. ओसरी सुंदर आहे यांत वाद नाहीं. पण घर आंत आहे, आणि तें पाहिल्यावांचून घरच्या माणसांची ओळख होत नाहीं.

गोवा हें क्षेत्रफळानें भारतांतील सर्वांत लहान राज्य. विस्तार अवघा 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक. 2011 च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या 14.58 लाख भरली. उत्तरेस तेरेखोल नदी व तिच्यापलीकडे सिंधुदुर्ग, पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटक, पश्चिमेस अरबी समुद्र. या चिमुकल्या मुलखाचे उभे तीन पट्टे पडतात. समुद्राकांठीं वाळूची किनार, पूर्वेस सह्याद्रीचीं अरण्यें, आणि या दोहोंच्या मध्यें जांभ्या दगडाचीं पठारें व नद्यांकांठची सखल भूमि. खरें गोमंतक या मधल्या पट्ट्यांत नांदतें. बेळगांव जिल्ह्यांत उगम पावणारी म्हादई येथें मांडवी या नांवानें समुद्रास मिळते. तिच्या दक्षिणेस जुवारी.

हवेविषयीं प्रथम सांगितलें पाहिजे. पारा 35 अंशांच्या वर क्वचितच जातो. पण हवा दमट असल्यामुळें कोरड्या उन्हास सरावलेला देशावरील माणूस तेथें लवकर थकतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. हिंडण्याफिरण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यांतील गोवा हिरवागार व शांत असतो खरा, परंतु तेव्हांचा समुद्र हा पाहण्याचा समुद्र आहे, उतरण्याचा नव्हे. विहिरींत पोहावयास शिकलेल्या माणसानें ही गोष्ट विशेष ध्यानीं ठेवावी. विहिरीचें पाणी जागचें हलत नाहीं. समुद्राचें पाणी परततांना पायांखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढून नेतें. किनाऱ्यावर लाल निशाण दिसलें कीं पाण्याबाहेर राहावें आणि जीवरक्षकाचा शब्द मानावा.

आतां मधल्या पट्ट्याकडे वळूं द्यावें. भरतीच्या वेळीं समुद्राचें खारें पाणी मांडवी-जुवारींच्या पात्रांतून कित्येक मैल आंत चढतें. या पाण्याखालीं जाणारी दलदलीची जमीन गोमंतकाच्या शेतकऱ्यांनीं पोर्तुगीज येण्यापूर्वीं अनेक शतकें बांध घालून लागवडीस आणली. या जमिनीस खाजन म्हणतात. अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर भरते. माती, जांभा दगड आणि पेंढा यांचा बांध. बांधाबाहेर लाटांचा जोर सोसणारी खारफुटी. आणि बांधांत ठिकठिकाणीं बसविलेलीं लांकडी दारें. या दारास मानस म्हणतात. त्याची युक्ति मोठी नामी आहे. भरती चढली कीं बाहेरील पाण्याच्या दाबानें दार आपोआप बंद होतें आणि खारें पाणी बाहेर अडतें. ओहोटी लागली कीं आंत सांचलेलें पावसाचें गोडें पाणी तेंच दार लोटून बाहेर वाहूं लागतें. ना यंत्र, ना इंधन. समुद्राच्याच जोरानें समुद्रास अडविलें जातें. आंत पावसाळ्यांत कोरगुट नांवाचें खारेपणा सोसणारें भात पिकतें, तर मानशीजवळच्या तळ्यांत मासळी पोसली जाते. कांहीं ठिकाणीं उन्हाळ्यांत मीठहि पिकवितात.

एवढा बांध एकट्यादुकट्यानें राखणें शक्य नाहीं. एका ठिकाणीं खिंडार पडलें तर साऱ्या गांवाचें भात बुडतें. म्हणून जमीन गांवाच्या सामाईक मालकीची, बांधाची डागडुजी गांवाच्या सामाईक खर्चानें, आणि मानशीवरील मासळीच्या लिलावाचा पैसाहि गांवाच्या पेटींत, अशी व्यवस्था पडली. हिचें नांव गांवकरी. पोर्तुगीजांनीं 1526 सालीं या संस्थेचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले आणि पुढें तिला कोमुनिदाद हें नांव पडलें. राज्यें आलीं आणि गेलीं, पण बांध टिकला. कारण तो राखण्यांत प्रत्येकाचा स्वार्थ होता. आज मात्र शेती परवडत नाहीं म्हणून कित्येक खाजनें ओसाड पडलीं आहेत, कोठें बांध फुटून आंत खारफुटी माजली आहे, तर कोठें भराव घालून इमारती उठल्या आहेत. एकदां खारें पाणी शिरलें कीं मीठ धुवून निघेपर्यंत त्या जमिनींत भात येत नाहीं. याच कारणानें म्हादईचा प्रश्न गोमंतकीयांच्या जिव्हाळ्याचा झाला आहे. वरून येणारें गोडें पाणी घटलें तर खालून खारें पाणी अधिक आंत चढेल, ही त्यांची भीति. 2018 सालीं लवादानें तीन राज्यांत पाण्याची वांटणी ठरविली, तरी तंटा मिटला नाहीं. वरच्या धरणांतून नाथसागरांत किती पाणी सुटावें या वादाशीं परिचित असलेल्या मराठवाड्यास ही व्यथा समजावयास अडचण पडूं नये.

मराठवाडा आणि गोमंतक यांचा संबंध तसा जुनाच. सह्याद्रीच्या पायथ्याशीं तांबडी सुर्ल येथें कदंबांच्या काळांतील, बाराव्या-तेराव्या शतकांतील महादेवाचें मंदिर आहे. गोव्यांतील घरेंदारें जांभ्याचीं. हें मंदिर मात्र काळ्या पाषाणाचें. नक्षीच्या कामाचा हा पाषाण घाटावरून उतरवून आणला असावा, असें जाणकार मानतात. वेरूळचें कैलास लेणें कोरलें गेलें तें याच जातीच्या पाषाणांत. त्या अरण्यांत मंदिरासमोर उभें राहिलें असतां संभाजीनगरचा प्रवासी परक्या मुलखांत असल्यासारखा राहत नाहीं.

1510 सालीं आल्बुकर्कनें विजापूरकरांपासून तिसवाडी घेतली. बारदेश आणि साष्टी त्याच शतकांत पोर्तुगीजांकडे गेलीं. तेथील देवळें पाडलीं गेलीं, तेव्हां भाविकांनीं आपले देव नदीपलीकडे हलविले. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा हीं देवस्थानें फोंडा तालुक्यांत एकमेकांजवळ कां, या प्रश्नाचें उत्तर या स्थलांतरांत आहे. दिवाडी बेटावरून नार्व्यास हलविलेल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनीं 1668 मध्यें केला. ज्यांचें नांव आज या शहरास आहे, त्या संभाजी महाराजांनीं 1683 च्या नोव्हेंबरांत मांडवीच्या खाडींतील जुवें बेटाचा किल्ला घेतला, तेव्हां घाबरलेल्या व्हाइसरॉयनें आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशीं नेऊन ठेवला. मोगल फौज कोंकणांत उतरल्यामुळें महाराजांस मोहीम आटोपती घ्यावी लागली. ती शवपेटी जेथें आहे तें बों जेझूचें चर्च 1605 सालचें. जुन्या गोव्यांतील या वास्तूंचा 1986 मध्यें जागतिक वारशांत समावेश झाला. मंगेशीचें देऊळ आणि बों जेझू हीं दोन्ही एकाच दिवशीं पाहावीं. म्हणजे गोव्याचा इतिहास पुस्तकावांचून समजतो.

19 डिसेंबर 1961 रोजीं गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं नाहीं, यावर 16 जानेवारी 1967 रोजीं कौल घेण्यांत आला आणि तेथील बहुमतानें वेगळें राहणें पसंत केलें. 30 मे 1987 पासून तें स्वतंत्र राज्य आहे. मराठी पाहुण्यानें हा इतिहास विसरूं नये. गोमंतकीयाची घरची भाषा कोंकणी. तिला मराठीची बोली म्हणून हिणवणें अनुचित होय. मराठीस तेथें परकेपणा नाहीं हेंहि तितकेंच खरें. भजन, नाटक, वृत्तपत्र यांतून ती नांदते. मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स हे इंग्रज, आणि त्यांचा ग्रंथ 1616 सालीं छापला गेला तो गोव्यांतच. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. हें कुर्डी गांव साळावली धरणांत बुडालें असून उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्याचे अवशेष वर येतात.

जेवणांत भात, मासळीची आमटी आणि सोलकढी मुख्य. शाकाहारी माणसाची उपासमार होईल हा समज मात्र चुकीचा. फोंड्याच्या बाजूस उत्तम शाकाहारी जेवण मिळतें. काजू पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणला आणि मिरचीहि त्यांच्याच जहाजांतून आली, हें मराठवाड्यांतील झणझणीत ठेचा खाणाऱ्यास ऐकून नवल वाटेल.

चार दिवस हाताशीं असतील तर एक समुद्रास द्यावा, एक फोंडा व जुन्या गोव्यास, एक तांबडी सुर्लच्या अरण्यास. चौथ्या दिवशीं फेरीबोटींतून दिवाडी किंवा चोडण बेटावर उतरावें आणि बांधावरून सावकाश चालावें. देवळांत व चर्चमध्यें अंगभर वस्त्रांनिशीं जावें. वाळूवर बाटल्या फोडूं नयेत. त्या कांचा अनवाणी कोळ्याच्या पायांत जातात. ओहोटीच्या वेळीं मानशीचें दार उघडतांना पाहावें. ज्या प्रदेशांत एक लांकडी दार आणि गांवाची एकी यांच्या बळावर समुद्र अडविला गेला, त्या प्रदेशांत पाहुण्यानेंहि पाहुण्यासारखेंच वागावें. बांध राखण्याच्या कामीं त्याचा एवढा वांटा पुरेसा आहे.