प्रार्थना त्यांची, राखण गावाची

बोरगाव सोडून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागलं की हतगडचा किल्ला दिसतो आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. पाट्यांवरची अक्षरं गुजराती होतात, बाकी काही बदलत नाही. पलीकडेही कोकणा, वारली आणि भिल्ल, पलीकडेही नागली आणि वरई, आणि मार्गशीर्षात तिकडेही डोंगऱ्यादेव. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि डांग गुजरातेत गेला, पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत. म्हणून डांगात आग लागली तर सुरगाण्याच्या माणसाला तो धूर परका नसतो.

वाचकहो, तुमच्यातल्या जाणत्यांना १९९८ चा डिसेंबर आठवत असेल. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, डांगचं मुख्य ठिकाण असलेल्या आहव्यात हिंदू जागरण मंचाची सभा भरली. त्याच दिवशी तिथल्या सिस्टर चालवत असलेल्या दीपदर्शन शाळेवर दगडफेक झाली. मग लोण गावोगाव पसरलं. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये काढलेल्या अहवालानुसार, २५ डिसेंबर ते ३ जानेवारी या दहा दिवसांत किमान २५ गावांतल्या चर्च आणि प्रार्थनाघरांवर हल्ले झाले. काही मोडली, काही जाळली.

यातलं प्रार्थनाघर म्हणजे मुंबई-पुण्याचं उंच मनोऱ्याचं चर्च नव्हे. खेड्यातलं प्रार्थनाघर म्हणजे बहुधा साधी झोपडीच. रविवारी दहा-वीस घरची माणसं तिथं बसतात, गाणी म्हणतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात. प्रार्थना सांगणारा पाळकही पुष्कळदा त्याच पाड्यावरचा, पावसाळ्यात स्वतःची नागली लावणारा. परदेशी मिशनरी डांगात आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. चर्च ऑफ द ब्रदरन या अमेरिकन मंडळीने आहव्याला काम सुरू केलं. पण १९९८ साली ज्यांच्या अंगावर हे आलं ते प्रामुख्याने इथलेच आदिवासी होते. १९९१ च्या जनगणनेत डांगची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ४४ हजार, आणि त्यात ख्रिस्ती शंभरात साधारण पाच. पाचांनी पंचाण्णवांशी काय भांडावं?

प्रार्थनेनं दगड थांबतो का?

हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. उत्तर सरळ आहे. नाही थांबत. आहव्याच्या शाळेत रोज प्रार्थना होत होती, तरी दगड आलेच. देवाचा धावा केला म्हणून छप्पर वाचलं, असं सांगणं म्हणजे ज्यांचं छप्पर गेलं त्यांची थट्टा आहे.

मग प्रार्थना करते काय? ती मार खाल्लेल्या माणसाचा हात धरते. घर जळालेल्या माणसाला पहिली बुद्धी होते ती दुसऱ्याचं घर जाळायची. आपल्याकडे बांधाच्या भांडणात हे आपण पाहतो. आज याची गंजी पेटली तर उद्या त्याचा गोठा. ज्याला रविवारी चार माणसांत बसून शत्रूचं भलं मागावं लागतं, त्याला सोमवारी काठी उचलणं जड जातं. प्रार्थनेचा उपयोग असेल तर तो हा. आणि हा काही ख्रिस्त्यांचाच मक्ता नव्हे. माळकऱ्याची माळही तेच करते.

डांगची राख निवली नव्हती तोच २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, यांना गाडीतच जाळून मारलं गेलं. स्टेन्स बारिपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्या रोग्यांचं काम सोडून लगेच मायदेशी पळाल्या नाहीत. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

पण इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाईंनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. तो चालला, दारासिंग दोषी ठरला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. क्षमा बाईंची, खटला सरकारचा. ज्याचं माणूस गेलं तो क्षमा करू शकतो. तहसीलदार, फौजदार आणि पोलीसपाटील यांना ती मुभा नाही. ‘ती माणसं शांत आहेत, प्रार्थना करताहेत, तक्रार नाही’ असं म्हणून कागद बाजूला ठेवणं हा त्यांच्या सोशिकपणाचा गैरफायदा आहे.

आणि धर्मांतराचं काय?

हेही तुमच्या मनात असणार. १० जानेवारी १९९९ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी डांगात जाऊन आले आणि धर्मांतरावर देशात चर्चा व्हावी असं म्हणाले. त्यावर बरीच टीकाही झाली. घरं जळालेली असताना आधी कुठला प्रश्न विचारायचा, हा टीकेचा मुद्दा होता.

चर्चेला कुणाची ना नाही. पाड्यावरच्या अडचणी खऱ्या असतात. गावदेवाची वर्गणी द्यायची का? लग्नात कुठला विधी? एका घरात बाप जुन्या देवांचा नि लेक प्रार्थनेचा, तर म्हाताऱ्याची माती कोणत्या रीतीने? यावरून मनं दुखावतात.

पण मन दुखावलं म्हणून हात उचलावा असं नाही. आपल्याच नाशिक भागातलं उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा कर्मठ ब्राह्मण घरावर आभाळ कोसळलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, त्यात रडणं आहे, रुसणं आहे, आणि हसणंही आहे. घर दुभंगलं, तरी वेळ आणि माणुसकी यांनी ते पुन्हा सांधलं.

आता आपलं काम

सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा आणि तंटे आपल्या रीतीने मिटवण्याचा अधिकार दिला. तो अधिकार कुणाला वाळीत टाकण्यासाठी नाही. वर्गणी, पाणवठा आणि दफनाची जागा हे विषय भांडण पेटण्याआधी ग्रामसभेत घ्या, दोन्हीकडची माणसं बसवा, ठरलेलं इतिवृत्तात लिहा. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत आपण बांधाचे तंटे मिटवले, तसाच हा एक.

पोलीसपाटलांनो, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे शांततेला धोका दिसला की वर कळवणं तुमचं कर्तव्य आहे. बाहेरच्या गाड्या येऊ लागल्या, सभेची कुजबुज सुरू झाली, की ठाण्याला वर्दी द्या. राख झाल्यावर पंचनामा करण्यापेक्षा ते बरं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. धर्माचा अपमान करायच्या हेतूने प्रार्थनास्थळाची नासधूस करणं कलम २९८ खाली गुन्हा, चाललेली प्रार्थना मुद्दाम बंद पाडणं कलम ३०० खाली. प्रार्थनास्थळ जाळलं तर कलम ३२६ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. मंदिर, मशीद आणि झोपडीतलं प्रार्थनाघर यांत कायदा फरक करीत नाही.

आणि वेळीच तयारी केली तर निभावतं, हेही डांगानेच दाखवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये सुबीरला शबरी कुंभ भरला. लाखो लोक येणार म्हणून ख्रिस्ती कुटुंबांच्या पोटात गोळा आला होता. पण मोठा बंदोबस्त लागला आणि मोठी हिंसा न होता मेळा उरकला. १९९८ ला जे झालं नाही ते २००६ ला झालं.

दर साली डिसेंबरात खळी उरकतात, पुष्कळ माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला गेलेली असतात, पाड्यावर म्हातारी-कोतारी आणि लेकरं राहतात. त्यातल्याच काही झोपड्यांत नाताळची गाणी होतात. ती तुम्हाला पटोत न पटोत, त्या रात्री सरपंच आणि पोलीसपाटलाने तिकडे एक फेरी मारावी. प्रार्थना करायची ती माणसं करतील. त्यांना निवांत करू देणं, एवढं काम गावाचं.