काळ्या मातीच्या अंगणात पाणी का तुंबतं आणि ते काढायचं कसं?

पाऊस थांबून दोन दिवस झालेत. ऊन पडलंय, समोरचा डांबरी रस्ता कोरडा आहे. पण घरापुढच्या हिरवळीत पाय टाकला की चप्पल तिथंच रुतते. गवत पिवळं पडतंय, कोपऱ्यातल्या पपईनं मान टाकलीये आणि संध्याकाळी डासांमुळे ओट्यावर बसता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत किंवा आसपासच्या गावात तुमचं काळ्या मातीवर घर असेल, तर हे चित्र तुम्हाला नवीन नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि पावसाळ्यात अंगणातलं पाणी कसं काढायचं याची चिंता करायची, हे एकाच घरात एकाच वर्षात घडतं.

दोष पावसाचा कमी आणि मातीचा जास्त. ही माती कशी वागते ते कळलं की कोणता उपाय चालेल आणि कोणत्या उपायात पैसे वाया जातील, हे बरंचसं आपोआप ठरतं.

माती पाणी का सोडत नाही?

आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण अनेक ठिकाणी ४० ते ६० टक्के असतं आणि त्यातही माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते ती अशी. वाळली की तीच माती आकसते आणि मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात.

म्हणून मृगाचा पहिला पाऊस कुठे गेला ते कळतही नाही, तो भेगांतून थेट खाली जातो. पुढच्या पावसांनी माती फुगते, भेगा मिटतात आणि वाटाच बंद होतात. त्यानंतर पाणी खाली मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो, कधी त्याहूनही कमी. तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला तर उरलेलं पाणी जाणार कुठे? उतार असेल तर वाहून जाईल, नसेल तर साचेल.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात आणि नत्र हवेत उडून जातं, म्हणून पाण्यात उभं राहूनही गवत पिवळं पडतं. अशा वेळी युरिया टाकायचा मोह होतो. तो आवरा. आधी पाणी काढा.

पाणी येतं कुठून?

खोदकामाआधी एकदा भर पावसात छत्री घेऊन अंगणात उभं राहा. बऱ्याच घरांत खरा गुन्हेगार अंगण नसतंच, छत असतं. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ४,६०० लिटर पाणी जमा होतं. म्हणजे जवळपास एक छोटा टँकर, आणि तो आपण पन्हळीच्या पाइपातून एकाच कोपऱ्यात ओततो. हा पाइप वळवून पाणी टाकीत नेलं, किंवा गाळणी लावून विहीर-बोअरच्या पुनर्भरणाला दिलं, तर निम्मं काम तिथंच होतं. अंगणातलं गढूळ पाणी मात्र थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका.

नंतर जमिनीची चाचणी. एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजा. इंचभर उतरली तर उत्तम. अर्धा इंचही उतरली नाही, तर या जमिनीत पाणी मुरवण्याचे उपाय विसरा. पाणी वाहतं करावं लागेल.

त्याच खड्ड्यात पहार मारून मुरूम किती खोल आहे तेही बघा. आपला हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर सखल भागात आठ-दहा फुटांपर्यंत काळीच काळी. शेजारच्या गल्लीत चाललेला उपाय तुमच्याकडे फसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वाळू आणि खडीचा घोळ

सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘वाळू मिसळा’. हिशोब करून बघू. २० बाय ३० फुटांच्या हिरवळीत फूटभर खोलीपर्यंत ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास माती असते. मिश्रणात निम्मी तरी वाळू झाल्याशिवाय फरक पडत नाही, म्हणजे ३ ब्रास वाळू आणायची आणि तेवढी माती कुठेतरी नेऊन टाकायची. यापेक्षा कमी वाळू टाकली तर चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि वाळल्यावर गिलाव्यासारखी घट्ट बसते.

दुसरा गैरसमज खडीचा. मातीखाली खडीचा थर दिला की पाणी खाली ओढलं जाईल, असं वाटतं. होतं उलट. ओला स्पंज हातात धरला तर खाली मोकळी हवा असूनही तो लगेच ठिबकत नाही. बारीक छिद्रांची मातीही तशीच पाणी धरून ठेवते आणि पुरती भिजून गच्च झाल्याशिवाय खडीत सोडत नाही. खडीचा उपयोग होतो, पण जिथं पाणी थेट तिच्यात शिरेल आणि पुढे वाहून जाईल तिथं.

जिप्समचंही तसंच. माती चोपण असेल, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त असेल, तर जिप्सम नक्की काम करतं. नसेल तर फारसा फरक पडत नाही. आधी माती परीक्षण करून घ्या. त्यासाठी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल.

उतार आणि चर

काळ्या मातीत खात्रीचा उपाय म्हणजे उतार. घराच्या जोत्यापासून पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच उतरती हवी. हे केवळ गवतासाठी नाही. पायाजवळची काळी माती फुगते-आकसते तेव्हा भिंतींना तडे जातात. पुढच्या हिरवळीला १०० फुटांना एक ते दोन फूट उतार पुरतो. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन मधेच बशीसारखी खोल असते, म्हणून गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पातळी तपासा.

उताराच्या शेवटी चर. फूटभर रुंद, दीड ते दोन फूट खोल. तळाला १०० फुटांना एक फूट उतार, म्हणजे ५० फुटांच्या चरात ६ इंच. आत जाळीदार कापड, त्यावर थोडी खडी, मग छिद्रं असलेला ४ इंची पाइप आणि वर पुन्हा २० मिलिमीटरची खडी. इंग्रजीत याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. नावाचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच या अमेरिकन गृहस्थांनी १८५९ साली शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांच्या आडनावावरून ते पडलं. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड शेतांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात, त्यामागचं तत्त्व हेच.

आपल्याकडे एक दुरुस्ती मात्र हवी. खडी थेट पृष्ठभागापर्यंत आणा. दिसायला बरं म्हणून वर काळी माती पसरून गवत लावलं, की पहिल्याच पावसात ती फुगून झाकण बसवते. आणि चराचं तोंड शेजाऱ्याच्या अंगणात उघडू नका. गावात निम्मी भांडणं बांधावरून होतात, उरलेली पाण्यावरून.

शोषखड्डा चालेल का?

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास हटवले, म्हणून ते गाव राज्यभर गाजलं. उपाय उत्तमच आहे, पण खड्ड्याचा तळ पाणी मुरणाऱ्या थरात हवा. चार फुटांवर मुरूम असेल तर जरूर करा. चार फूट खोदूनही काळी मातीच लागत असेल, तर तो शोषखड्डा राहत नाही, हौद होतो.

काहीच जमत नसेल तर

जागा चहूबाजूंनी बंद असेल, तर पाण्याशी भांडण्यापेक्षा झाडं वर उचला. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. आज आपल्याकडे सोयाबीन याच ‘बीबीएफ’ पद्धतीनं पेरतात. अंगणात तेच छोट्या प्रमाणावर करता येतं. तीन-चार फूट रुंद, फूटभर उंच वाफे आणि मध्ये पाणी वाहायला सऱ्या. पपई, लिंबू, डाळिंब यांना पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, ती उंचवट्यावरच लावा. सखल कोपरा अळू, कर्दळ, केळीला द्या. न्हाणीच्या पाण्यावर हीच झाडं लावायची जुनी पद्धत होतीच. हिरवळीसाठी साधी हरळी नाजूक कार्पेट गवतापेक्षा जास्त सोसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी झाली, तर कोणताही चर अपुरा पडेल. ही सगळी तयारी नेहमीच्या पावसासाठी आहे.

खुणा पावसाळ्यात करा, खोदकाम उन्हाळ्यात. जिथं पाणी साचतं तिथं आत्ताच चार खुंट्या ठोका, मे महिन्यात आठवत नाही. ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर किंवा जेसीबी घालू नका, ती दबली की पुढची काही वर्षं त्रास देते. आणि चर झाल्यावर पहिला मोठा पाऊस पडला की त्याचं तोंड तपासा. बहुतेक वेळा तिथं पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात.