कानाजवळचा ध्वनिवर्धक

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे येते ते पोलाद. १९५५ च्या फेब्रुवारीत ह्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडून निघाले. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. परंतु हा मुलूख केवळ लोखंडाचा नव्हे. भिलाईपासून फार दूर नसलेल्या खैरागढला संगीत व ललितकलांचे विश्वविद्यालय १९५६ सालीच स्थापन झालेले आहे. हातातल्या तंबुऱ्याची क्षणात गदा आणि क्षणात धनुष्य करणाऱ्या पंडवानी गायिका तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, आणि त्यांनी नोकरी केली ती ह्याच पोलाद कारखान्यात. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. लोखंडाचा आणि सुरांचा असा शेजार इतरत्र सहसा आढळत नाही.

ह्या शेजारातूनच येथल्या घराघरांत एक अगदी साधी अडचण उभी राहते. ज्या गावी तीन पाळ्यांत काम चालते, तेथे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी कोणीतरी झोपलेले असते. रात्रपाळी करून आलेला गृहस्थ सकाळी नऊ वाजता डोळा लावू पाहतो, त्याच वेळी पलीकडच्या खोलीत मुलाला गाणे ऐकायचे असते किंवा संगणकावर खेळ खेळायचा असतो. क्वार्टरच्या भिंतींना आवाज अडवण्याचे काम कोणी सांगितलेले नसते. मग हेडफोन येतो. हेडफोन आला की काही दिवसांनी मुलाच्या मनात दुसरी इच्छा डोकावते: टेबलावर ठेवण्याचा, केवळ हेडफोनसाठी बनवलेला, उत्तम प्रतीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वर्धक, घ्यावा. त्याची किंमत काही हजारांपासून एखाद्या कामगाराच्या महिन्याच्या पगारापर्यंत असू शकते. तेव्हा हे यंत्र नेमके करते काय, हे आधी पाहिलेले बरे.

गंमत अशी की हेडफोन हा वर्धकाहून वडील आहे. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन ह्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हेडफोन तयार केले आणि १९१० च्या सुमारास तिथल्या नौदलाने ते स्वीकारले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळात स्फटिकाच्या साध्या संचावर कार्यक्रम ऐकता येत असे. त्या संचाला ना बॅटरी लागे ना वीज. तारेने हवेतून जेवढी ऊर्जा गोळा केली तेवढ्यावरच कानातली पातळ चकती कंप पावे. तेवढीशी ऊर्जा पुरावी म्हणून त्या हेडफोनांची वेटोळी बारीक तारेची आणि हजारो ओहम रोधाची असत. नंतर निर्वात नळ्या आल्या, ट्रान्झिस्टर आले आणि ऊर्जेचा दुष्काळ संपला. आजचा प्रश्न ऊर्जा मिळण्याचा राहिलेला नाही. कोणत्या हेडफोनला कशा प्रकारची ऊर्जा हवी, हा आहे.

येथे थोडा हिशेब मांडावा लागतो. पण तो शाळकरी मुलालाही जमेल. प्रत्येक हेडफोनचे दोन आकडे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असतात. एक त्याचा रोध, ओहममध्ये. दुसरा त्याची संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिली असता किती डेसिबल आवाज निघतो तो. गाण्याची सरासरी पातळी माफक असली तरी तबल्याची थाप किंवा ताराचा आघात त्या सरासरीच्या वीस-पंचवीस डेसिबल वर उडी घेतो. तेव्हा हे क्षणिक शिखर ११० डेसिबलपर्यंत विनासायास गाठता यावे, असे धरून चालू. डेसिबलचा नियम असा की दर दहा डेसिबलला शक्ती दसपट लागते.

आता ३२ ओहमचा, एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा सर्वसाधारण हेडफोन घ्या. त्याला ११० डेसिबलसाठी दहा मिलिवॅट पुरतात. त्यासाठी व्होल्ट लागतात अवघे अर्ध्याहून किंचित अधिक. संगणकाच्या कानातून सुमारे एक व्होल्ट सहज मिळतो. म्हणजे अशा हेडफोनला निराळा वर्धक देणे हे भरल्या घड्यात पाणी ओतण्यासारखे आहे. दुसरा घ्या ३०० ओहमचा, मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारा. ध्वनिमुद्रणशाळांत असे हेडफोन पुष्कळ वापरले जातात. त्याला वीस मिलिवॅट लागतील, आणि रोध मोठा असल्यामुळे जवळजवळ अडीच व्होल्टचा दाब लागेल. संगणक येथे थकतो. तिसरा प्रकार सपाट पडद्याच्या हेडफोनांचा. त्यांतला एखादा ५० ओहमचा आणि मिलिवॅटला केवळ ९० डेसिबल देणारा असेल, तर त्याला शंभर मिलिवॅट हवेत. दाब सव्वादोन व्होल्टच, पण विद्युत्‌प्रवाह पंचेचाळीस मिलिअँपिअर. संगणकातील इवलीशी चकती एवढा प्रवाह पुरवताना धापा टाकते, आणि आवाजाची शिखरे कापली जातात. ह्या दोन प्रकारांच्या हेडफोनांना स्वतंत्र वर्धकाचा खरा उपयोग आहे.

मात्र ह्याच हिशेबाची दुसरी बाजू जाहिरातीत कधी छापली जात नाही. तोच ३०० ओहमचा हेडफोन घरी सुखाने ऐकण्याच्या पातळीला, म्हणजे सरासरी ७५ डेसिबलला, किती शक्ती खातो? एका मिलिवॅटचा शंभरावा हिस्साही नाही. ज्या खोक्यावर दोन-तीन हजार मिलिवॅट असे अभिमानाने लिहिलेले असते, त्यांतली बहुतेक शक्ती जन्मभर निजलेलीच राहते. राहिली तर उत्तमच. ती जागी झाली की काय होते, ते पुढे येईल.

शक्तीहून महत्त्वाची, पण ग्राहकाच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे वर्धकाचा स्वतःचा अंतर्गत रोध. हेडफोनचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो. खर्जाच्या सुरांपाशी ३२ ओहमचा ९६ ओहमही होऊ शकतो. वर्धकाचाही रोध ३२ ओहम असला तर मध्य सप्तकात निम्माच दाब हेडफोनपर्यंत पोचतो, पण खर्जात पाऊण पोचतो. ह्याचा परिणाम असा की खर्ज साडेतीन डेसिबलने फुगतो. तबल्याचा बायाँ नगाऱ्यासारखा घुमू लागतो. वर्धकाचा रोध एक ओहम असेल तर हाच फरक एका डेसिबलच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे कानाला न कळण्याजोगा, उरतो. वर्धकाचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे, आणि तो पाळण्यासाठी महागडे यंत्रच लागते असे नाही.

गोंगाटाचाही विचार केला पाहिजे. संगणकाच्या पोटात पंखे, चकत्या आणि वीजपुरवठ्याची यंत्रणा एकाच पेटीत नांदत असतात. गाणे बंद असताना हेडफोनमध्ये सूसू ऐकू येत असेल, किंवा माउस हलवताच बारीक करकर होत असेल, तर आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारा भाग पेटीबाहेर असलेला केव्हाही बरा. पुष्कळशा वर्धकांत तो बसवलेलाच असतो. मात्र सलग घुंऽऽ असा खालचा स्वर ऐकू येत असेल, तर दोष बहुधा भूयोजनाचा, म्हणजे अर्थिंगचा, असतो. संगणक एका खटक्यावर आणि वर्धक दुसऱ्या खोलीतील खटक्यावर लावला की जमिनीशी जोडणाऱ्या दोन तारांचे वेटोळे तयार होते, आणि पन्नास आवर्तनांची वीज त्यात गुणगुणू लागते. दोन्ही यंत्रे एकाच फळीवर लावावीत. अर्थिंगची पीन मोडून हा आवाज घालवणे हा प्राणाशी खेळ आहे. आठशे रुपयांच्या चांगल्या फळीने जो दोष जातो त्यासाठी पंधरा हजारांचा वर्धक घेतल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत.

खेळ खेळणाऱ्या मुलाची अपेक्षा निराळी असते. त्याला गाण्याचा गोडवा नको, शत्रूची पाऊलवाट हवी: डावीकडून आला की मागून? माणसाच्या डोक्याच्या रुंदीमुळे एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानी पोचण्यास एका सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग अधिक लागतो, आणि उंच सुरांसाठी डोक्याची सावलीही पडते. लॉर्ड रॅले ह्यांनी १९०७ साली ह्या दोन खुणांवरून कान दिशा कशी ओळखतात ते मांडले. खेळातल्या ह्या खुणा तयार करते ती खेळाची आज्ञावली. वर्धक त्यांत काडीची भर घालू शकत नाही. त्याने एवढेच करायचे की डाव्या कानाचा आवाज उजव्यात मिसळू द्यायचा नाही आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी ठेवायची. दिशाज्ञान वाढवायचे असेल तर पैसा हेडफोनवर खर्चावा; वायरलेस हेडफोनऐवजी तारेचा वापरला तर आवाज उशिरा पोचण्याची तक्रारही राहत नाही.

वर्धक घेणाऱ्यास फसवणारा सर्वांत मोठा भामटा दुकानात नसतो, कानातच असतो. फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज मोठा केला की खर्ज आणि तार हे दोन्ही टोकांचे सूर कानाला तुलनेने अधिक भरून आल्यासारखे वाटतात. म्हणून दोन वर्धकांपैकी एक अर्धा-एक डेसिबल मोठा असला, तर ऐकणारा तो मोठा आहे असे म्हणत नाही. तो ‘अधिक खुला’, ‘अधिक जिवंत’ आहे असे म्हणतो. खरी परीक्षा करायची तर व्होल्टमीटरने दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी करावी आणि कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. ह्या परीक्षेत भल्याभल्या रसिकांची पंचाईत होते.

आता उरला तो निजलेल्या शक्तीचा प्रश्न, आणि भिलाईत तो इतर गावांहून अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज चाळीस तास ऐकणे ही सुरक्षिततेची सीमा होय. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ९० डेसिबलला चार तास, १०० ला अर्धा तासही नाही. हा सारा आठवड्याचा शिधा. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा धरली गेली. म्हणजे त्या मर्यादेत राहूनही, कानात बोळे नसतील तर, कामगार आठवड्याचा शिधा पहिल्याच पाळीच्या मध्यावर संपवतो. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांत स्थान दिले गेले होते, ते उगाच नव्हे.

हा बहिरेपणा सर्व सुरांवर सारखा येत नाही. तो आधी पोखरतो ते सेकंदाला सुमारे चार हजार आवर्तनांचे क्षेत्र. बोलणे ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘थ’ निसटू लागतात. तानपुऱ्याचे काय होते ते पाहण्याजोगे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली दाखवले की तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे, एरव्ही उमटू नयेत असे उपस्वरही त्याच्या तारेतून उमटतात. जवारीचे तेज ते हेच. सेकंदाला १३० आवर्तनांच्या षड्जाचा तिसावा उपस्वर चार हजारांच्या घरात येतो. म्हणजे यंत्रशाळेने कानाचा जो तुकडा खाल्ला, त्याच तुकड्यात जवारीची झळाळी राहत होती. असा गृहस्थ निवृत्तीनंतर हौसेने चांगला हेडफोन घेतो, तो त्याला मंद वाटतो. मग तो वर्धक घेतो आणि कळ फिरवीत जातो. वर्धक सर्व सूर सारखेच वाढवतो. गेलेले तेज त्याने परत येत नाही, आणि शाबूत असलेल्या भागावर मात्र मार बसतो. अशा माणसाने दुकानात जाण्यापूर्वी कान तपासून श्रवणालेख काढून घ्यावा. चार हजारांपाशी खळगा दिसला तर कोणता सूर किती वाढवायचा हे तज्ज्ञ सांगेल. ते काम श्रवणयंत्राचे किंवा संगणकातल्या स्वरसमायोजनाचे आहे.

कामावर असणाऱ्यासाठी एक साधी युक्ती आहे. गोंगाटात पाळी काढून आलेला कान काही तास, कधी दिवसभरही, बधिर असतो. तेवढाच आवाज त्याला लहान भासतो, आणि हात आपोआप कळ पुढे सरकवतो. म्हणून वर्धक आणला की तो कमी वर्धनाच्या खटक्यावर ठेवावा. सुटीच्या दिवशी सकाळी, रात्रभर विश्रांती घेतलेल्या कानाने, ओळखीचे एखादे गाणे लावावे आणि ते सुखाने ऐकू येईल तेथे कळीच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी. रात्रपाळीहून आल्यावर गाणे त्या खुणेपाशी पुरेसे वाटले नाही, तर कळ हलवू नये. हेडफोन उतरवून झोपावे आणि संध्याकाळी ऐकावे.