पनामा, पण पनामाची नव्हे!

विलायती चिंच विलायतेची नाही, मेक्सिकोकडची. पण तिचे नाव काही सुटत नाही. भाषा शिकवणाऱ्याला असल्या नावांची मौज वाटते, गिऱ्हाइकाला मात्र ती महागात पडतात. टक्कल पडू लागल्यापासून मी हॅटांचा शौकीन झालो, तेव्हा हे नीट ध्यानी आले. पनामा हॅट विणली जाते दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात. एकोणिसाव्या शतकात ती पनामामार्गे जगभर जाई, म्हणून वाटेवरच्या मुक्कामाचे नाव तिला चिकटले. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचे काम पाहायला गेले. ही हॅट घातलेले त्यांचे छायाचित्र गाजले आणि नाव पक्के झाले.

तेव्हा वाचकहो, आत 'अस्सल पनामा' असा शिक्का दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका. आधी धागा पाहा. खरी हॅट 'तोकिया' नावाच्या झाडाच्या कोवळ्या, न उलगडलेल्या पानांची. झाड दिसते ताडासारखे, पण ताड नव्हे. पाने चिरून, उकळून, वाळवून धागे काढतात, आणि त्यांत रंगाची किंचित उणीअधिक छटा राहतेच. कागदी सुतळीच्या हॅटाही पनामा म्हणून खपतात. त्या जवळून पाहिल्या की सुतळीचा पीळ दिसतो.

माझी आजी पैठणीचा पदर उलटून पाहिल्यावाचून पुढे बोलत नसे. हॅटही उलटी करून उजेडाकडे धरावी. शेंड्याच्या मध्यापासून विणीची वर्तुळे पसरत गेलेली दिसतात. ती जितकी दाट तितके काम बारीक. मग पट्टी घेऊन एका इंचात उभे-आडवे धागे मोजावेत. दुकानदार 'वीस नंबर' वगैरे प्रत सांगतो, पण त्या नंबरांना सर्वांवर बंधनकारक असे माप नाही. एकाचा वीस तो दुसऱ्याचा बारा! आपली पट्टी बरी. शेवटी कड. उत्तम हॅटमध्ये कडेचे धागे वळवून पुन्हा आत विणलेले असतात. कापून शिवलेली कड म्हणजे हॅट खोटी असे नव्हे, पण तेथे मेहनत वाचवलेली असते.

इक्वेडोरमध्येही गाव बदलले की वीण बदलते. कुएन्काकडची बहुधा बारीक चौकटींची, मोन्तेक्रिस्तीची माशाच्या काट्यासारखी. नाजूक कामाची कीर्ती मोन्तेक्रिस्तीची. तेथला विणकर लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून, वाकून विणतो. तेही हवा दमट असताना, कारण कोरडा धागा तुटतो. जवळच्या पिले गावच्या सिमोन एस्पिनाल यांच्या एका हॅटमध्ये चौरस इंचात ४,००० हून अधिक टाके आहेत. तिला पाच महिने लागले. २०१२ साली युनेस्कोने या विणकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मानाने पोट मात्र भरत नाही. बहुतेक विणकर कच्ची हॅट दलालाला विकतात, आणि दुकानातल्या किमतीचा लहानसा वाटा त्यांच्या हाती पडतो. म्हणून मी किंमत विचारण्याआधी विणणाऱ्याचे गाव विचारतो. ज्याला गाव सांगता येत नाही, त्याला मोन्तेक्रिस्तीचा भाव का द्यावा?

आणि हो, हॅट गुंडाळून अंगठीतून काढून दाखवणारे विक्रेते भेटतात. टाळ्या वाजवाव्यात, पण घरी तो प्रयोग करू नये. कोरडा धागा घडीवर तडकतो. उचलतानाही शेंड्याला चिमटीत न धरता कडेने उचलावी.